परासरणाची व्याख्या पाठ झाली, पण पुडी किती पाण्यात कालवायची?



आठवीच्या विज्ञानात पेशीचा पाठ येतो आणि त्यात परासरण येतं. हा भाग आपण कसा शिकवतो ते तुम्हालाही माहीत आहे. फळ्यावर तीन गोल काढायचे. एकात बाण आत, एकात बाहेर, एकात दोन्हीकडे. खाली नावं लिहायची: अवपरासारी, अतिपरासारी, समपरासारी. मुलं वहीत उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी आपण व्याख्या म्हणून घेतो आणि पाठ संपतो. आमच्याकडे विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे आठवीचं विज्ञान माझ्याकडे आलं, तेव्हा मीही हेच केलं. नावं गुंतागुंतीची म्हणून उलट जास्त पाठांतर करून घेतलं.

मग एका पावसाळ्यात वर्गातली एक हुशार मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा कळलं की धाकट्या भावाला जुलाब लागले होते. आईवडील कामावर, घरी हीच मोठी. आशाताईंनी दिलेली ओआरएसची पुडी घरात होती. हिने ती फोडली आणि एका पेल्यात कालवून भावाला पाजली. मी विचारलं, "अगं, पेल्यात का?" तर म्हणाली, "बाई, घट्ट केलं की लवकर गुण येईल असं वाटलं." पोराचे जुलाब वाढले, तो सारखा पाणी पाणी करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. मुलगा बरा झाला, सुदैवाने.

त्या संध्याकाळी मी तिचा चाचणीचा पेपर काढून बघितला. 'पेशी अतिपरासारी द्रावणात ठेवल्यास काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर तिने बरोब्बर लिहिलं होतं. पेशीभोवतीच्या द्रावणात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने पेशीतील पाणी बाहेर पडते व पेशी आकसते. पैकीच्या पैकी गुण, लाल पेनने, माझ्याच अक्षरात. आणि त्याच मुलीने घरी स्वतःच्या हाताने अतिपरासारी द्रावण बनवून भावाला पाजलं होतं. चूक तिची नव्हती. तो गोल म्हणजे आपल्या पोटातली पेशी, आणि बाहेरचं द्रावण म्हणजे पेल्यातलं पाणी, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. परासरण शिकवताना ती तीन नावं सगळ्यात शेवटी सांगावीत, वेळ नसेल तर ओझरती सांगावीत. पण 'कोणाची पेशी?' हा प्रश्न मात्र पहिल्या तासाला घ्यावा. वनस्पतीची पेशी आणि आपली पेशी यांच्यावर एकाच गोष्टीचा परिणाम अगदी वेगळा होतो. तो वेगळा का होतो हे कळलं की बाकीचं मुलं स्वतःच जुळवतात.

आधी दिशेचा घोळ सोडवू. 'जास्त संहतीकडून कमी संहतीकडे' असं म्हटलं की अर्धा वर्ग चुकतो, कारण संहती कशाची, मिठाची की पाण्याची, हे त्या वाक्यात नाही. मी आता एवढंच विचारते, "पाणी कुठे जास्त आहे?" जिथे जास्त तिथून जिथे कमी तिथे ते जाणार. मधे पेशीचं पातळ पटल असतं. ते पाण्याला सहज जाऊ देतं, मीठ-साखरेला सहजासहजी जाऊ देत नाही. मग मुलं आपल्या भाषेत म्हणतात, "बाई, म्हणजे मीठ येत नाही म्हणून पाणीच त्याच्याकडे जातं." चालेल की! बारकाईने बघितलं तर पाणी दोन्हीकडे जात-येत असतं, एका बाजूला जास्त जातं इतकंच. ते नंतर सांगता येतं. जुन्या मराठी ग्रंथांत परासरणाला 'तर्षण' असाही शब्द आहे. तर्ष म्हणजे तहान. मला तो शब्द आवडतो, पण परीक्षेत परासरणच लिहायला सांगा.

आता स्वयंपाकघर. कोशिंबिरीला मीठ वाढताना घालायचं, आधी घातलं तर पाणी सुटतं, हे पाचवीतल्या मुलीलाही माहीत असतं. कारल्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावली की थोड्या वेळात तळाशी पाणी जमतं. 'हे पाणी कुठून आलं?' असं विचारा. कोणीतरी म्हणेल की मीठ विरघळलं. विरघळायलाही पाणी लागतंच ना, ते कुठून आलं? काकडीच्या पेशींमधून. कापलेली काकडी बराच वेळ जिवंत असते हे ऐकून मुलांना गंमत वाटते. आणि लोणच्यावर पडलेल्या जिवाणूचंही तेच होतं, त्याच्यातलं पाणी मीठ ओढून घेतं. म्हणून मीठ कमी पडलेलं लोणचं बुरसतं.

वर्गात करायचा प्रयोग बटाट्याचा. बेदाण्याचा सोपा आहे, तो करून घ्या, पण सुकलेला बेदाणा ही जिवंत पेशी नव्हे. बटाटा जिवंत असतो, त्याला कोंब फुटतात. बोटाएवढ्या लांबीच्या तीन सारख्या फोडी कापा. एक साध्या पाण्यात, एक पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात. सकाळी ठेवल्या तर शाळा सुटेपर्यंत फरक हाताला कळतो. मिठाच्या पाण्यातली फोड लिबलिबीत होते, वाकवली तर वाकते. साध्या पाण्यातली ताठ, वाकवायला गेलं की कटकन मोडते. तिसरी फोड तशीच हवेत ठेवा, तुलनेसाठी.

त्याच्या पुढचा प्रयोग मला जास्त आवडतो. दोन बटाटे घ्या, एक कच्चा, एक उकडलेला. दोन्हींचा बुडाचा भाग सपाट कापा, वरून वाटीसारखा खळगा करा, खळग्यात चमचाभर साखर घाला आणि ताटलीत थोडं पाणी ओतून त्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी कच्च्याच्या खळग्यात पाक भरलेला असतो. उकडलेल्यात तसं पाणी चढत नाही. बटाटा तोच, साखर तीच. उकडल्यामुळे पेशींचं पटल नासलं, आता निवड करायला कोणी उरलं नाही. परासरण म्हणजे नुसतं पाणी झिरपणं नव्हे, मधे शाबूत पटल लागतं, हे मुलं इथे बघतात.

आता खरा प्रश्न. साध्या पाण्यात ठेवलेल्या बटाट्याच्या पेशींत पाणी जातच राहतं, तर त्या फुटत का नाहीत?

इथे मी सायकल वर्गात आणते. ट्यूब टायरमधून बाहेर काढून हवा भरत गेलात तर ती एका बाजूने टराटरा फुगते आणि शेवटी फुटते. तीच ट्यूब टायरमध्ये असली की हवा भरल्यावर चाक टणक होतं. टायर बाहेरून दाबून धरतो. वनस्पतीच्या पेशीला असा टायर असतो, तिची पेशीभित्तिका. आत पाणी शिरलं की पेशी भित्तिकेला दाबते, भित्तिका उलट दाबते, आणि एका मर्यादेनंतर पाणी शिरणं थांबतं. लाकूड नसलेली कोवळी रोपं या दाबावरच उभी असतात. कोमेजलेली कोथिंबिरीची जुडी देठं पाण्यात बुडवून ठेवली की तासाभरात टवटवीत होते ती अशी. भाजीवाल्या मावशी पालेभाजीवर पाणी शिंपडतात तेव्हा पेशींमधलं पाणी उडून जाऊ नये हाच हिशोब असतो. लाजाळू तर याचं चालतंबोलतं उदाहरण. हात लावला की पानाच्या देठाशी असलेल्या फुगवट्याच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जातं, दाब उतरतो आणि पान मिटतं. थोड्या वेळाने पाणी परत भरलं की उघडतं.

उलट बाहेर मीठ जास्त झालं तर? टायर तसाच राहतो, आतली ट्यूब आक्रसते. सूक्ष्मदर्शक असेल तर कांद्याची पात किंवा ऱ्हिओचं जांभळं पान घ्या, पातळ सालीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. रंगीत गोळा भित्तिकेपासून सुटून आत गोळा होतो. लगेच साधं पाणी दिलं तर पुष्कळदा परत भरतोही. शेतकऱ्याच्या मुलाला सूक्ष्मदर्शक नाही मिळाला तरी चालतं. रोपाच्या अगदी मुळाशी खताची मूठ पडली तर जमीन ओली असूनही रोप का करपतं, याचं एक मोठं कारण त्याला इथे सापडतं. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या आहेत. वर पांढरा थर, खाली ओल, आणि तरीही पिकाला पाणी मिळत नाही. पाणी आहे पण मुळाला ते ओढता येत नाही, हे वाक्य त्या भागातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता आपली पेशी. आपल्या पेशींना टायर नाही. नुसती ट्यूब.

रक्ताचा थेंब साध्या पाण्यात टाकला तर लाल पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. मिठाच्या दाट पाण्यात टाकला तर आक्रसून काटेरी दिसायला लागतात. म्हणूनच दवाखान्यात शिरेतून साधं पाणी कधी देत नाहीत. सलाईनच्या बाटलीवर मुलांना वाचायला सांगा: सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. म्हणजे एक लिटरला ९ ग्रॅम मीठ. या मापात लाल पेशी फुगतही नाही, आक्रसतही नाही. 'समपरासारी' हा शब्द आता सांगा, आता तो चिकटतो. गोगलगाय किंवा जळू यांच्यावर मीठ टाकलं की त्या आक्रसतात, हे सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या पोरांनी बघितलेलं असतं. तो प्रयोग मात्र वर्गात करू नका. त्यांनी सांगितलेलं ऐकून घ्या आणि ते प्राण्याला वेदना देणारं आहे हेही बोला. टायर नसल्यामुळे आपल्या शरीराला पेशींभोवतीचं पाणी सतत योग्य खारटपणाचं ठेवावं लागतं. हे काम मुख्यतः मूत्रपिंडं करतात. उन्हाळ्यात लघवी गडद पिवळी होते, भरपूर पाणी प्यायलं की पाण्यासारखी. मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

अंड्याचा प्रयोग करता आला तर बघा. कच्चं अंडं एक-दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं की कवच विरघळतं आणि आतलं मऊ पटल उरतं. ते साध्या पाण्यात फुगतं, साखरेच्या पाकात सुरकुततं. हे पेशीचं पटल नव्हे, पण कल्पना यायला पुरतं. एखाद्या घरी अंडं चालत नसेल तर त्या मुलाला बटाटा द्या, वाद घालत बसू नका.

जाता जाता दोन उदाहरणं वगळायला सांगते, कारण ती आपण शिक्षकच सर्रास देतो. एक, पाण्यात राहून बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या. ते परासरण नाही. ज्यांच्या बोटांच्या नसांना इजा झालेली असते त्यांच्या बोटांना पाण्यात तशा सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे ते काम नसांचं आहे, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून ते होतं. दुसरं, भिजवलेली मटकी. कोरडं बी सुरुवातीला फुगतं ते स्पंजसारखं पाणी शोषून. मेलेलं बीसुद्धा तसंच फुगतं. हे मीही वर्गात सांगितलेलं आहे, त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही.

आता पुन्हा त्या पुडीकडे. पालकांनी निदान एवढा भाग वाचावा.

आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना एक विशेष दार असतं. मीठ आणि ग्लुकोज दोघं बरोबर आले की ते दोघांनाही आत घेतं. मीठ-साखर आत गेली की त्यांच्यामागे परासरणाने पाणी आत जातं आणि रक्तात पोचतं. जुलाब चालू असतानाही हे दार बहुधा चालू असतं, ओआरएस त्याच्यावरच चालतं. नुसत्या पाण्यात मीठही नाही, साखरही नाही. जुलाबातून मीठ गेलेलं असतं, आणि वरून नुसतं पाणीच पाणी पाजत राहिलं तर रक्तातलं मीठ विरळ होतं आणि पेशी फुगायला लागतात. मेंदूच्या पेशींना तर फुगायला जागाच नाही, भोवती कवटी आहे. याच्या उलट, पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा दाट होतं. मग पाणी उलट दिशेने, शरीरातून आतड्यात येतं. जुलाब वाढतात, तहान वाढते, रक्तातलं मीठही वाढू शकतं. त्या मुलाचं हेच झालं असणार. फार गोड सरबतं आणि खोक्यातले रस जुलाबात का नको, याचंही कारण हेच. दुकानात औषधासारखी नावं लावून मिळणाऱ्या गोड पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, ती उगाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या मोठ्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असतं, आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. लहान पुड्याही मिळतात, त्या २०० मिलिलिटरसाठी. म्हणून पुडीवरचं वाचा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने नको. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होत नाही, शौचातून रक्त येतंय किंवा पाजलेलं सगळं उलटून पडतंय, तर घरी प्रयोग करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

हे सूत्र किती मोलाचं आहे ते मुलांना गोष्टीतून सांगा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे, पटकीची साथ होती. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळलं, ते ड्रमांत भरलं, आणि नातेवाईकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. आधी जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये ते गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पाजणारी माणसं साधी होती, बहुतेकांना परासरण हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण मिश्रण मोजून केलेलं होतं.

काही सहकारी म्हणतात की एवढं करायला तासिका कुठे आहेत, अभ्यासक्रम कधी संपवायचा? तक्रार खरी आहे. ऑनलाइन माहिती भरण्यात माझेही तास जातात. पण तीन गोलांची आकृती, तिची तोंडी उजळणी आणि मग चुकलेल्यांची पुन्हा उजळणी, याला मी पूर्वी तीन तासिका घालवत होते. आता बटाट्याला एक, सायकलला अर्धी, पुडीला एक. पुडी वर्गातच कालवतो. एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली बहुतेकांच्या घरी असते, तेच माप. नुसत्या वाटी-पेल्याने एक लिटर मोजायला सांगा आणि मग बाटलीत ओतून बघा, कोणाचं किती चुकतं ते. आमच्या वर्गात एका गटाचा 'एक लिटर' साडेसहाशे मिलिलिटर निघाला. पाचवीच्या मुलांनाही हे मापन करता येतं, पेशीचं नावही न घेता.

चाचणीतला प्रश्नही मी बदलला. आता विचारते: 'घरात एक लिटरची पुडी आहे आणि एक पेला आहे. काय कराल? का?' पहिल्या वर्षी बऱ्याच जणांनी व्याख्याच लिहिली होती. सवय जाता जात नाही. गेल्या वर्षी मात्र एकाने लिहिलं, 'पेला शेजारी ठेवीन आणि बाटली शोधीन. कारण आपल्याला टायर नाही.' मी पूर्ण गुण दिले. केंद्रप्रमुख बघतील तेव्हा बघतील.

आणि परवा एका मुलीने विचारलं, "बाई, मग झाडाला ओआरएस घातलं तर?" मी लगेच उत्तर दिलं नाही. कोथिंबिरीच्या सारख्या काड्या तीन पेल्यांत ठेवायच्या ठरवल्या आहेत, एकात साधं पाणी, एकात ओआरएस, एकात मिठाचं दाट पाणी. बाटलीने मोजून. सोमवारी बघणार आहोत.